पाटावरची माती

अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या त्या सबडिव्हिजनमध्ये गणपतीचं विसर्जन बादलीत होत असे. बादली काही साधीसुधी नव्हती. संजीवने ती हार्डवेअरच्या दुकानातून खास आणली होती आणि वीणाने तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढून तिला पार तीर्थाच्या पंगतीत नेऊन बसवलं होतं. मागच्या तळ्यात मूर्ती सोडायला घरमालकांच्या असोसिएशनची बंदी होती. बंदी कशाला नव्हती म्हणा! कपडे बाहेर वाळत घालायला होती, गॅरेजचं दार उघडं ठेवायला होती. "बादलीत करतोय हे कळलं तर त्याचाही फाइन लावतील मेले," असं वीणा दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी पडदे ओढून घ्यायची.

एका बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकत नसे. विसर्जन झालं की पाट रिकामा घरात आणायचा नाही. पाण्याकाठची मूठभर ओली माती पाटावर घ्यायची, घरी आणून मखरात मूर्तीच्या जागी ठेवायची, तिला हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा आरती करायची. तिच्या माहेरी, सांगलीला, कृष्णेची वाळू आणत. इथे बादलीच्या तळाशी वाळू कुठली असणार! म्हणून संजीव दर वर्षी पाट काखेत मारून तळ्यावर जायचा आणि चोरासारखा इकडेतिकडे बघत काठची माती घेऊन यायचा.

यंदा तळ्याचं नाव घरात कुणी काढलं नाही. जूनमध्ये तिथे चिहारू बुडाली होती.

चिहारू ओकुडा समोरच्याच घरातली. ती आणि तिची आई साचिको, दोघीच राहायच्या. संजीव-वीणाच्या रुहीची ती मिडल स्कूलपासूनची मैत्रीण. शाळा सुटली की रुहीबरोबर यायची ती जेवूनच जायची. वरणभातावर तूप घेताना तिचा हात सढळ होता, एवढ्यावर वीणा तिच्यावर खूश झाली होती आणि पहिल्या आठवड्यातच तिने चिहारूची चिऊ करून टाकली होती.

"रुही, ग्रीनवेच्या ओढ्यावरची आण गं माती," वीणा म्हणाली. "बाबा कॉलवर अडकलेत. पुण्याच्या टीमचं काहीतरी फेल झालंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिकडे जाऊ नकोस हं. ओढ्यावरचीच आण."

"ओके," रुही म्हणाली आणि पाट घेऊन निघाली.

ग्रीनवेच्या पायवाटेलगतचा ओढा कोरडा ठणठणीत होता. ऑगस्टभर पावसाचा पत्ता नव्हता आणि ओढ्यातले दगड पांढरे पडले होते. मातीची ही असली भुकटी नेली असती तर आईने पुन्हा पाठवलं असतं. ओढ्याच्या कडेकडेने वाट पुढे जाते ती सरळ तळ्यालाच. रुहीने स्वतःला सांगितलं की लांबूनच बघू, आणि तिचे पाय चालत राहिले.

तळं म्हणायचं ते आपलं म्हणायचं म्हणून. पावसाचं पाणी साठवायला बिल्डरने खणलेला तो एक मोठा खड्डा होता. भोवती कापलेलं गवत, बदकांची घाण, पोहू नका अशी पाटी आणि मधोमध कारंजं. कारंजं जूनपासून बंद होतं. पाणी हिरवं आणि जाड दिसत होतं, आणि वारा असून हलत नव्हतं. संध्याकाळचं ऊन अजून पलीकडच्या घरांच्या खिडक्यांवर होतं. कुणीतरी लॉन कापत होतं.

जूनमधल्या त्या दुपारी रुही इथेच बसली होती. हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

दोघींनी एकाच समर प्रोग्रॅमला अर्ज केला होता. चिहारूला प्रवेश मिळाला, रुहीला नाही. रुहीचा राग काही केल्या जात नव्हता, आणि तो घालवायला म्हणून चिहारूच तिला तळ्यावर घेऊन आली होती. साचिकोने कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून आणलेली एक लहानशी प्लॅस्टिकची होडी होती. तिच्या बुडाला चीर आणि चिरेवर टेप. पाणी उपसायला एक मग बरोबर असायचा. त्या दिवशी रुही होडीत बसलीच नाही. तोंड फुगवून काठावर फोन बघत बसली, आणि मगही तिच्यापाशीच राहिला. कारंज्याजवळ पोचल्यावर चिहारूने हाक मारली, "रुही, पळी दे! पळी!"

हा त्यांचा जुना विनोद होता. चिहारूच्या आजीचं गाव जपानात, समुद्रकाठी, कोळ्यांचं. तिकडे म्हणे बुडून मेलेली माणसं होडीपाशी वर येतात आणि पळी मागतात. दिली की त्याच पळीने समुद्राचं पाणी होडीत ओतत राहतात, होडी बुडेपर्यंत. नाही दिली तरी जात नाहीत. म्हणून कोळी बिनबुडाची पळी जवळ ठेवतात आणि तीच देतात. भुतं बिचारी ओतत बसतात, होडीत एक थेंबही पडत नाही. चिहारूने ही गोष्ट वीणाच्या स्वयंपाकघरात सांगितली तेव्हा वीणा पुऱ्या तळत होती. "मग आमचा झारा द्यायचा की त्यांना!" असं म्हणून तिने तेल निथळणारा झारा वर धरला होता आणि तिघी पोट धरधरून हसल्या होत्या. वरणाच्या मोठ्या चमच्याला मराठीत पळी म्हणतात हे चिहारूला त्याच दिवशी कळलं. तेव्हापासून दोघींचं पळी दे, पळी दे चाललेलं असायचं.

म्हणून रुहीने पहिल्या हाकेला मान वर केली नाही. दुसऱ्या हाकेला ती उठली आणि घराकडे चालू लागली. तिसरी हाक विनोदाची नव्हती. रुहीला ती स्वच्छ ऐकू आली, स्वच्छ कळली, आणि तरी ती आणखी थोडी चालली. घाबरू दे जरा, असं तिला वाटलं होतं. वळून पाहिलं तेव्हा होडी पालथी तरंगत होती आणि पाणी सपाट होतं. रुही पळाली, पण घराकडे. तिने कुणाला फोन केला नाही. हात धुतले आणि जेवायला बसली.

चिहारूचा पाय कारंज्याच्या केबलमध्ये अडकला होता, असं नंतर कळलं. पोलिसांनी विचारलं, आईने विचारलं, साचिकोने विचारलं. मी घरी होते, असं रुहीने तिघांनाही सांगितलं. मग सगळ्यांनी तिला पोटाशी धरलं, जिवाभावाची मैत्रीण गेली म्हणून तिच्यासाठी रडले, आणि त्यानंतर खरं सांगायची हिंमत तिला झाली नाही. त्या मिठ्यांची तिला अजून लाज वाटत होती.

आता ती काठाशी बसली आणि तिने पाण्यात हात घातला. माती काळी होती, थंडगार. मूठ बाहेर काढताना चिखलाने बोटं जराशी धरून ठेवली. रुहीने जोर लावून हात सोडवला, माती पाटावर थापली आणि मागे न बघता घरी आली. येताना पाट जड लागत होता. दोनदा तिला हात बदलावा लागला.

"आहे वाटतं ओढ्याला पाणी?" वीणाने विचारलं.

"हो. थोडंसं."

मातीवर हळदकुंकू वाहिलं, जास्वंदीचं फूल ठेवलं, आरती झाली. संजीव कॉल म्यूट करून टाळ्या वाजवायला आला. वाटली डाळ खाताना रुहीचं लक्ष सारखं मखराकडे जात होतं. पाटावरून पाणी ठिबकत होतं आणि त्याचं खाली छोटंसं थारोळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी वीणाने ती माती तुळशीच्या कुंडीत घातली. ही कुंडी स्वयंपाकघरात, डेकच्या काचेच्या दाराशी असायची. आठवड्याभरात तुळस काळी पडली. कुंडीखालची बशी रोज भरून वाहत होती.

"मी थेंबभर पाणी घातलेलं नाही हिला," वीणा म्हणाली. "संजीव, पाइप लीक होतोय बहुतेक. प्लंबरला बोलव."

प्लंबर आला, भिंतीला यंत्र लावून बघून गेला. लीक नाही म्हणाला. जाताना त्याने नाक मुरडून विचारलं, घरात फिशटँक आहे का? तो वास रुहीला केव्हापासून येत होता. शेवाळाचा, बदकांचा, तापलेल्या प्लॅस्टिकच्या होडीचा वास.

मग ड्रॉवरमधल्या वस्तू हलायला लागल्या. शाळेतून आल्यावर रुही बघायची तर वरणाची पळी, आमटीची पळी, सुपाचा मोठा चमचा, सगळे कुंडीशेजारी जमिनीवर ओळीने ठेवलेले आणि ओले. एकेक हातात घेऊन पारखून ठेवावं तसे. ती ते मुकाट्याने धुऊन जागेवर ठेवायची. एकदा वीणाच आधी घरी आली आणि तिने ते पाहिलं.

"रुही, काय खेळ मांडलाय हा? वय काय तुझं?"

"सॉरी, आई."

वीणाने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि ती एकदम मऊ झाली. "चिऊची आठवण येते का गं? बोलत जा ना माझ्याशी."

सगळं सांगून टाकावं असं रुहीला वाटलं. आईचा हात पाठीवर होता, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि सांगायची यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. पण हा हात पुन्हा असा पाठीवर फिरणार नाही, या भीतीने ती नुसती रडली. वीणालाही तेच पुरेसं वाटलं.

त्याच आठवड्यात साचिको प्रसादाचा डबा परत करायला आली. रिकामा डबा द्यायचा नाही हे ती वीणाकडूनच शिकली होती, म्हणून आत संत्री होती. चपला दाराशी काढून ती स्वयंपाकघरात आली. उन्हाळ्यात तिचे केस पांढरे झाले होते. इंग्रजी बोलताना ती शब्द निवडून, सावकाश बोलायची.

"मी त्या दिवशी वरच्या मजल्यावर व्हॅक्यूम करत होते," ती चहाकडे बघत म्हणाली. "खिडक्या उघड्या होत्या. मला सारखं वाटतं, तिने हाक मारली आणि मला ऐकू आली नाही."

"नको तो विचार करूस, साचिको," वीणा म्हणाली.

"होडी मी आणली होती. चिरेवर टेपही मीच लावली." मग तिने मान वळवली. "रुही, तुला काय वाटतं? तिने हाक मारली असेल?"

एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर त्या बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. हाक तुला नव्हती, मला होती. रुहीला हे कळत होतं. कळत असूनही तिचं तोंड म्हणालं, "आय डोंट नो, आँटी. मी घरी होते."

कुंडीखालची बशी भरून वाहिली. पाण्याचा एक ओघळ फरशीवरून सरकत आला आणि साचिकोच्या पायापाशी थांबला. तिने पाय मागे घेतला नाही. वाकून दोन बोटं पाण्याला लावली आणि नाकाशी नेली.

"लीक आहे गं कसलातरी," वीणा ओशाळून म्हणाली आणि फडकं आणायला गेली.

त्यानंतरच्या मंगळवारी रुही शाळेतून आली तेव्हा घरी कुणी नव्हतं. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या लॉनवर स्प्रिंकलर चालू होते, पोस्टाची गाडी रस्त्यावरून पुढे गेली. रुहीने फ्रिजमधून दही काढलं आणि तिच्या पायाला पाणी लागलं.

स्वयंपाकघराची सगळी फरशी पाण्याखाली होती. पाणी कुंडीतून येत होतं, आवाज न करता, आणि वर चढत होतं. हिरवट होतं आणि थंड होतं. हॉलच्या कार्पेटपाशी येऊन ते काचेला अडावं तसं अडलं होतं आणि तिथून पुढे न जाता उंच होत होतं. रुहीचे मोजे भिजले, मग घोटे बुडाले.

डेकचं दार बोटभर सरकलं.

"रुही," चिहारू म्हणाली. "पळी दे."

आवाज तिचाच होता. घसा बसल्यासारखा, पण तिचाच. काचेपलीकडे उन्हाची तिरीप होती आणि त्यात नीट काही दिसत नव्हतं. फटीतून हात आत आला. नखांत काळी माती होती. मनगटावर रुहीनेच विणून दिलेला दोरा होता.

"पळी दे ना."

पाणी पोटऱ्यांना लागलं.

रुहीने ड्रॉवर उघडला. मोठी पळी वरच होती. ती द्यायला हवी, हे तिला मनापासून वाटलं. एकदा मागितली तेव्हा दिली नव्हती. आता दिली तर निदान तेवढं तरी फिटेल. तिने पळी उचलली. पाणी गुडघ्याला लागलं.

तिने पळी खाली ठेवली. हात आत घालून झारा काढला.

काय करायचं ते चिहारूनेच तर शिकवलं होतं, इथेच, या ओट्यापाशी, हसत हसत.

रुहीने झारा त्या हातात दिला.

बोटं मुठीवर मिटली. क्षणभर काहीच झालं नाही. रुही ओरडण्याची वाट बघत होती, शिव्यांची, रडण्याची.

"थँक्स, रुही," चिहारू म्हणाली. ताट वाढलं की म्हणायची तसंच.

हात मागे गेला. पाणी उतरायला लागलं आणि बघता बघता फरशी कोरडी झाली. बाहेर कुणीतरी पाणी उपसत होतं. एक बुडबुड, मग कितीतरी बारीक धारा एकदम पडल्याचा आवाज, मग पुन्हा बुडबुड. तो आवाज तळ्याकडे जाईल असं रुहीला वाटलं होतं. तो घराला वळसा घालून रस्त्याकडे गेला.

पुढचे काही दिवस घर कोरडं राहिलं. कुंडीतली माती वाळून तिला भेगा पडल्या, वास गेला, चमचे जागच्या जागी राहू लागले. रुहीला गाढ झोप लागायची आणि उठल्यावर त्या झोपेचीच शरम वाटायची. आपण तिला दुसऱ्यांदा फसवलं आणि ती थँक्स म्हणाली, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. वीणा झारा शोधून शोधून दमली. "एवढा मोठा झारा जातो कुठे?" म्हणाली. रुही म्हणाली, माहीत नाही.

शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली. संजीव-वीणा ग्रोसरीला गेले होते. दारात साचिको होती. जूननंतर पहिल्यांदाच ती हसत होती. तिच्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या, आणि हातात झारा होता.

"हा तुमचा ना?"

रुहीने होकाराची मान हलवली.

"चिहारू येते हल्ली. दुपारची येते." साचिको अगदी साधेपणाने बोलत होती, मुलगी कॉलेजातून सुट्टीला आल्यासारखी. "ही गोष्ट माझ्याच आईची आहे, रुही. काय द्यायचं आणि काय नाही द्यायचं, मला सगळं माहीत आहे. पण बिचारी दुपारभर हा घेऊन पाणी भरत होती गं. थांबायचीच नाही. हाताला फोड आले होते." तिने झाऱ्याच्या भोकांवरून अंगठा फिरवला. "हा तिला कुणी दिला असेल?"

रस्त्यावर एक मुलगी सायकल शिकत होती. तिचा बाप मागून धावत होता. मी दिला, आणि मी तिथे होते, एवढंच म्हणायचं होतं. रुहीने श्वास घेतला. साचिको वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती विचारणा होती.

"मला माहीत नाही, आँटी."

साचिकोने तिच्या गालावरून हात फिरवला. हात बर्फासारखा गार होता. "असू दे. मी तिला माझ्याकडची पळी दिली. चांगली खोलगट आहे." मग ती म्हणाली, "निघते. ती एकटीच आहे घरात."

ती रस्ता ओलांडून गेली. स्वतःचं दार उघडल्यावर तिने उंबरठ्यावरून पाऊल उंच उचललं आणि सावकाश आत ठेवलं, पाण्याचा अंदाज घ्यावा तसं. मग दुसरं. दारातून एक थेंबही बाहेर आला नाही. दार लागलं.

रुही झारा हातात धरून उभी राहिली. नाइन वन वनला फोन करून काय सांगायचं, ते तिला सुचेना. तिने झारा धुतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

सोमवारी साचिको कामावर गेली नाही, म्हणून तिच्या ऑफिसमधल्या कुणीतरी पोलिसांना कळवलं. दार तोडावं लागलं. संजीव त्यांच्याशी बोलून आला आणि सोफ्यावर बसला.

"बुडून गेली म्हणतात," तो वीणाला म्हणाला. "किचनमध्ये. खुर्चीत बसलेली होती. आणि घर कोरडं आहे गं, टेबलावरचे कागदसुद्धा भिजलेले नाहीत. पोलिसांनाच काही समजत नाहीये."

"एकटीच होती?"

"एकटीच. पण जेवायला दोन पानं मांडली होती."

वीणा ओट्याला टेकून रडली. "मी रोज जायला हवं होतं तिच्याकडे. समोर तर राहायची," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. रुहीला ते ऐकवेना. ज्यांचा काही दोष नव्हता, ते एकेक जण तो आपल्या डोक्यावर घेत होते, आणि ती नुसती बघत होती.

साचिकोची बहीण सिॲटलहून येणार होती. शनिवारी वीणाने तिच्यासाठी डबा करायला घेतला. संजीव तिला आणायला विमानतळावर गेला. वरच्या मजल्यावर पलंगावर बसून रुहीने वाक्य जुळवलं. आधी इंग्रजीत जुळवलं होतं, पण इंग्रजीत ते फार सहज निघत होतं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलल्यासारखं. म्हणून तिने ते आईच्या भाषेत केलं. आई, मी तळ्यावर होते. तिने मला हाक मारली आणि मी गेले नाही. माती मी तिथूनच आणली. आणि आता दारात कुणी काही मागितलं, तर देऊ नकोस.

तिने ते मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. जूननंतर पहिल्यांदा तिला हलकं वाटत होतं. आई रागावेल, कदाचित कधीच पूर्वीसारखी बघणार नाही. तरी चालेल. ती उठली आणि जिना उतरायला लागली.

खालून फोडणीचा वास येत होता. आई कुणाशी तरी बोलत होती, पाहुण्यांशी बोलायच्या तिच्या खास इंग्रजीत. "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स. वन मिनिट हं." डेकचं दार सरकल्याचा आवाज आला.

रुही जिन्यात थांबली. पायाखालचं कार्पेट ओलं होतं.

"आई," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही. तिने पुन्हा तोंड उघडलं.

"रुही, ऐकतेस का गं?" वीणाने खालून हाक मारली. "मागच्या दाराशी कुणी मायलेकी आल्यात, साचिकोकडच्या दिसतात. उन्हात चेहरे काही दिसत नाहीयेत. पळी मागतायत." ड्रॉवर सरकला. "राहू दे, तू नको येऊस. दिली मी."